बोलेरो ओढेल हो, पण थांबवेल का?

पत्र थोडक्यात असं: वय 29, सोलापूर. घरचा वरातीच्या घोड्यांचा धंदा, एक घोडी आणि एक मारवाडी घोडा. सीझनला सोलापूर, बार्शी, तुळजापूर, पंढरपूर सगळीकडे जावं लागतं, दर वेळी भाड्याची पिकअप, भाडं परवडत नाही आणि ऐन मुहूर्ताच्या दिवशी पिकअपवाला फोन उचलत नाही. आता पुण्याकडचा एक दोन घोड्यांचा जुना ट्रेलर विकायला आलाय, 15 हजार टोकन देऊन झालंय. घरात बोलेरो आहे. विकणारा म्हणतो ट्रेलर रिकामा 900 किलो, पासिंग 2 टनाचं. "घोडी अंदाजे अडीचशे किलो, घोडा तीनशे, म्हणजे सगळं मिळून साडेपाचशे, दोन टनाच्या ट्रेलरला हे काहीच नाही ना?" मित्र म्हणतात, "ओढतंय की ओ, काय होतंय." चुलते म्हणतात, आपला ट्रॅक्टर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढतोय, हे काय घेऊन बसलास. वडिलांचं मात्र म्हणणं की ट्रेलर म्हणजे नुसता थाट, घ्यायचीच तर सेकंडहँड पिकअप घे. दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजाराला ट्रेलर घेऊनच जायचं असं ठरवलंय. घेऊ का नको?

उत्तर:

भाऊ, आधी टोकनचं बोलून टाकू, कारण पत्रात तीनदा त्याचा उल्लेख आलाय. 15 हजार गेले तर वाईट वाटणारच, पण ते अडकलेत म्हणून पुढचे दीड-दोन लाख घालायचे हा हिशोब धंदेवाल्याचा नाही. आणि ते जातीलच असंही नाही, त्या माणसाला फोन करून एवढंच सांगा की बाकीचे पैसे काट्यावर वजन झाल्यावर. सरळ माणूस असेल तर हो म्हणेल. आढेवेढे घ्यायला लागला तर तेही एक उत्तरच झालं.

आता वजन. तुमच्या हिशोबात दोन ठिकाणी गडबड आहे आणि दोन्ही गडबडी बहुतेकांकडून होतात, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही.

पहिली म्हणजे ते 2 टन. तुम्ही समजताय की ट्रेलर दोन टन माल उचलतो. तसं नसतं. पासिंगचं वजन म्हणजे ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून, आत जे काय आहे ते सगळं धरून जास्तीत जास्त किती, तो आकडा. म्हणजे 2,000 मधले 900 तर लोखंडानेच खाल्ले, उरले 1,100. आणि ते 900 सुद्धा विकणाऱ्याच्या तोंडचे, जुन्या ट्रेलरला मधे कुणी चेकर्ड प्लेट मारलेली असते, कुणी वरून पत्र्याचं छत वाढवलेलं असतं, पुढे चाऱ्याची पेटी वेल्ड केलेली असते, आणि कागदावर आकडा मात्र कारखान्यातून निघाला तेव्हाचाच.

दुसरी गडबड घोड्यांच्या वजनाची. अडीचशे आणि तीनशे हे डोळ्यांनी लावलेले आकडे आहेत, अडीचशे किलोत तट्टू बसतं, वरातीला चालणारी उंच घोडी बसत नाही. मारवाडी घोडा साधारण साडेतीनशे ते साडेचारशेच्या दरम्यान असतो. तुमचा नेमका किती हे घरीच काढता येतं. शिवणाची टेप घेऊ नका, ती दीड मीटरलाच संपते आणि घोड्याच्या छातीला पुरत नाही, त्यापेक्षा जाड सुतळी घ्या. घोडा सपाट जागी चारी पायांवर नीट उभा करा, एकाने लगाम धरायचा, दुसऱ्याने सुतळी पुढच्या पायांच्या लगेच मागून, खांद्याच्या उंचवट्यामागून फिरवून घ्यायची, श्वास सोडला की गाठ धरायची, आवळायची नाही. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सुतळ्या गवंड्याच्या टेपवर सेंटिमीटरमध्ये मोजा. छातीचा आकडा गुणिले तोच आकडा, गुणिले लांबी, भागिले 11,880, उत्तर किलोत येतं. समजा घोड्याची छाती 175 आणि लांबी 162 आली तर वजन निघतं 418 किलो. घोडीची 163 आणि 150 आली तर 335. दोघांचे मिळून साडेसातशेच्या वर गेले बघा, आणि तुम्ही साडेपाचशे धरून बसला होता. हा हिशोबही पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतो, पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरा.

आता याच आकड्यांवर पुढे चला. ट्रेलर 900, घोडे 753, खाली दोन जाड रबरी मॅट असणारच, चार बाय सहा फुटी पाऊण इंची मॅट एकेक 45 किलोच्या आसपास भरते म्हणजे 90. पाण्याचे वीस लिटरचे चार कॅन, 80 किलो, आणि सोलापूरच्या उन्हात ते कमी करायला मी सांगणार नाही. चारा आणि खुराक 50. वरातीचा साज, खोगीर, झूल, छत्री 40. स्टेपनी आणि जॅक 35. बेरीज 1,948. म्हणजे दोन टनाच्या ट्रेलरमध्ये शिल्लक राहिले 52 किलो, आणि ट्रेलर खरोखर 900 चा असेल तरच हां. काट्यावर तो 1,050 निघाला तर तुम्ही घरातून निघतानाच ओव्हरलोड. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे 2,000 आहे, पण दंड भरून सुटता येतं, टायर फुटला तर तसं नसतं.

हे झालं ट्रेलरचं. खरी अडचण बोलेरोची आहे, आणि इथे मित्रांच्या "ओढतंय की"चा विचार करू. खोटं नाही ते, डिझेल इंजिन आहे, पहिल्या गिअरमध्ये टाकली की दोन टन हलतील, सोलापूर-मोहोळ-पंढरपूर-अकलूज रस्ता सपाट आहे, तुम्ही आरामात पोचाल सुद्धा आणि पोचल्यावर सगळे म्हणतील बघ उगाच घाबरत होतास. बिचारे मित्र इंजिनाबद्दल बोलतात. पण रिकामी बोलेरो 1,600 किलोच्या आसपास असते (तुमच्या मॉडेलचा आकडा आरसीवर अनलेडन वेट म्हणून लिहिलेला असेल, तो बघा) आणि मागे लागलाय 1,950 चा ट्रेलर. गाडीपेक्षा शेपूट जड. ब्रेक आहेत 1,600 च्या गाडीचे आणि त्यांनी थांबवायचंय साडेतीन टन. परदेशात कॅरव्हॅन ओढणाऱ्यांमध्ये नवख्यासाठी एक ढोबळ नियम आहे की मागचं वजन गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवायचं, तो लावला तर तुमच्या वाट्याला साडेतेराशे किलो येतात, म्हणजे रिकामा ट्रेलर आणि एक घोडा, संपलं. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर ब्रिटनमध्ये 750 किलोच्या वर ओढूच देत नाहीत. तुमच्या पत्रात ब्रेकचा शब्दही नाही म्हणून विचारतो, त्याला ब्रेक आहेत का? आपल्याकडे फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेल्या कित्येक ट्रेलरना नुसती चाकं असतात.

कळणार कुठे, तर तुळजापूरचा घाट उतरताना. रात्री बाराला वरात संपवून, दमून, सोलापूरकडे उतरताय, पुढे एखादी एसटी अचानक थांबते. ट्रकवाले सांगतात तो नियम ट्रेलरलाही आहे, घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा, पण ब्रेकच अपुरे असले तर गिअर किती सांभाळणार.

चुलत्यांचं म्हणणं मला पटण्यासारखं वाटलं असतं, पण ट्रॅक्टर आणि बोलेरोत फरक आहे. उसाच्या ट्रॉलीला बहुतेक पुढेमागे दोन एक्सल असतात, ती स्वतःच्या चाकांवर उभी राहते, हुकवर फार भार येत नाही, आणि ट्रॅक्टर कितीच्या स्पीडने जातो ते आपण सगळे त्याच्या मागे अडकून बघतोच. शिवाय ऊस एकदा बांधला की जागचा हलत नाही. घोड्याच्या शेजारून ट्रकने हॉर्न दिला की चारशे किलो एका क्षणात फूटभर मागे सरकतात. घोड्याच्या ट्रेलरची चाकं मधोमध असतात, पुढचा काही भार बोलेरोच्या हुकवर बसतो, आणि हाच भार ट्रेलरला सरळ ठेवतो. सर्वसाधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के तिथे यावेत असं अमेरिकेत धरतात, युरोपातले ट्रेलर त्याहून कमीवर चालतात. तुमच्या 1,948 चे 10 टक्के म्हणजे 195 किलो. बंपरच्याही मागे तीन माणसं बसवल्यासारखं झालं ते. मागचे पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरायला लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. आणि आत तुम्ही, चुलते, बँडवाल्यांचे दोघं असे बसलेलेच असणार, ते वजन वेगळं. उलट घोडे मागे सरकले आणि हुकवरचा भार कमी झाला तर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. असं झालं तर ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंग वळवून सावरायलाही जायचं नाही, पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि गाडी आपोआप हळू होऊ द्यायची. छातीपुढचा आणि पुठ्ठ्यामागचा दांडा ट्रेलरला असायलाच हवा तो याचसाठी.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान शोधा. तिथे किती किलो ओढायचे, ब्रेकवाला ट्रेलर किती, बिनब्रेकचा किती, हुकवर किती, असं लिहिलं असेल तर तो शेवटचा शब्द. आकडाच दिला नसेल तर तो शून्य धरायचा, "लिहिलं नाही म्हणजे चालतं" असं नाही. कंपनीला मेल करा आणि लेखी उत्तर मागा, शोरूममधल्या पोराचं तोंडी "हो सर चालेल" धरू नका. आणि बोलेरोच्या मागे आत्ता जो हुक आहे तो वाकून बघा, कशाला बोल्ट केलाय. कित्येक गाड्यांचे हुक बंपरच्या गार्डला लावलेले असतात, दिसायला मस्त, पण चॅसिसशी त्यांचा काही संबंध नसतो. हुकवरचा गोळा, म्हणजे बॉल, 50 मिलिमीटरचा आहे आणि त्यावर बसणारा ट्रेलरचा कपलर दुसऱ्याच मापाचा, असंही जुन्या मालात निघतं.

मग काटा. उसाच्या काट्यावर आपल्याकडे कुणाचा विश्वास नाही ते सोडा, त्यातल्या काटामारीवर वेगळं सदर लिहावं लागेल, पण हायवेवरचे खासगी वजनकाटे वर्षभर चालू असतात आणि किरकोळ पैशात चिठ्ठी देतात. पुण्याहून ट्रेलर आणायचा असेल तर तिथल्याच काट्यावर न्या. रिकामा ट्रेलर सोडवून एकटा तोला, मग एकटी बोलेरो, तुम्ही आत बसून आणि टाकी भरून. पुढे कधी घोडे भरून जायची वेळ आली तर आधी दोन्ही जोडून फक्त गाडीची चाकं काट्यावर, मग फक्त ट्रेलरची चाकं, मग सगळं एकत्र. जोडलेल्या गाडीचं वजन वजा एकट्या गाडीचं वजन, जे उरतं ते हुकवरचं. फक्त मोठे काटे दहा-वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे ही वजाबाकी मोघम येते. नीट हवं असेल तर मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या तोलतात तो प्लॅटफॉर्म काटा कुणा ओळखीच्या अडत्याकडून घ्या, ट्रेलर भरलेला, जमीन सपाट, चाकांना लाकडी अडसर लावलेला, आणि ट्रेलरचं नाक लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून ठोकळा काट्यावर, उंची मात्र गाडीला जोडल्यावर असते तेवढीच. ठोकळ्याचं वजन वजा करायला विसरू नका. पाण्याचे कॅन एक्सलच्या पुढे ठेवले तर किती आणि मागे ठेवले तर किती हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत की सामान कुठे ठेवायचं ते मला विचारावं लागणार नाही. आणि एकच घोडा न्यायचा असेल तर तो ड्रायव्हरच्या मागे, उजव्या कप्प्यात. आपल्या रस्त्यांचा उतार डावीकडे असतो, भार त्या बाजूला गेला की ट्रेलर खाली ओढत राहतो.

जुना ट्रेलर म्हणून आणखी थोडं. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवीकोरी दिसली तरी उभ्या ट्रेलरचं रबर वयाने मरतं, आणि आपल्या एप्रिल-मेच्या डांबरावर ते लगेच कळतं. टायरवर लोड इंडेक्सही असतो, 88 म्हणजे एका टायरला 560 किलो. फळी लाकडी असेल तर मॅट उचलून, खालून झोपून, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, मूत्राने सडलेली फळी वरून कळत नाही. कागद ट्रेलरचे स्वतःचे हवेत, त्याची वेगळी नोंदणी असते, बोलेरोच्या एमएच 13 वर तो फुकटात येत नाही. आणि टेप घेऊन आतली जागा मोजा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 125-ई म्हणून जनावरं नेणाऱ्या गाड्यांचा नियम आहे, त्यात एका घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा सांगितलीये, म्हणजे साधारण 24 चौरस फूट. सहा बाय सातचा ट्रेलर दोन घोड्यांना त्यात बसत नाही. हे टोकन देण्याआधी बघायला हवं होतं पण ठीक आहे, अजून खरेदी झालेली नाही.

आता मला जे विचारावंसं वाटतंय ते. तुम्ही लिहिलंय "घोड्यांना पिकअपमध्ये त्रास होतो म्हणून ट्रेलर". खरंच तेवढंच आहे का? कारण पुढच्याच ओळीत अकलूजला पुण्याचे स्टड फार्मवाले ट्रेलर घेऊन येतात हे आलंय. तसं वाटणं गैर नाही, वराती हा दिसण्याचाच धंदा आहे, पार्टी बघते कसं आलात ते. पण मग ते तसंच मांडून त्याची किंमत काढा, घोड्यांच्या नावावर टाकू नका. घोड्याला काय, ओव्हरलोड ट्रेलरमध्ये सगळ्यात जास्त त्रास, मागे हिसके बसतात आणि ड्रायव्हरला ते कळतही नाहीत. पिकअपमध्ये निदान मागे काय चाललंय ते जाणवतं.

म्हणून माझा कल तुमच्या वडिलांकडे आहे, फक्त त्यांच्या कारणासाठी नाही. दीड टनाच्या आसपास माल घेणारी सेकंडहँड पिकअप घेतली तर साडेसातशेचे घोडे आणि तीनशेची बॉडी तिच्या स्वतःच्या ब्रेकवर, स्वतःच्या चाकांवर बसतात, एकच नोंदणी, एकच विमा, मंगल कार्यालयाच्या बोळात रिव्हर्स घेता येते, आणि पावसाळ्यात मुहूर्त नसताना तीच गाडी मार्केटला भाड्याने लावता येते. तिच्यात खोट नाही असं नाही. हौदा उंच असतो, रॅम्प लांब करावा लागतो नाहीतर घोडी चढायला नखरे करते, मधे मजबूत आडोसा आणि कडेला पॅडिंग लागतं, खाली न घसरणारं काहीतरी लागतं, आणि नऊ बाय साडेपाचच्या हौद्यात दोन घोडे जागेच्या नियमात जेमतेम बसतात. बॉडी बनवणाऱ्याला ती तोलून द्यायला सांगा, त्यांचा हात लोखंडाला फार सढळ असतो.

ट्रेलरच हवा असेल तर दोन मार्ग मला दिसतात. एकाच घोड्याचा, ब्रेक असलेला, हलका ट्रेलर आणि बोलेरोच्या कंपनीचं लेखी उत्तर, किंवा मग जिच्या मॅन्युअलमध्ये दोन टनांच्या वर ओढायचा आकडा स्पष्ट छापलाय अशी मोठी गाडी. दुसऱ्याचा खर्च वरातीच्या कमाईतून निघणार नाही असं मला वाटतं, पण तुमचा गल्ला तुम्हाला माहीत. आत्ता जो सौदा आहे तो, दोन घोडे आणि ही बोलेरो, त्याला माझं नाही आहे.

आणि एक, कुठलाही ट्रेलर घेतला तरी घोड्यासोबत मागे माणूस बसवायचा नाही. पिकअपमध्ये सवय असते पोरगं घोड्याजवळ उभं राहायची, ट्रेलरमध्ये काही झालं तर पुढच्याला हाक सुद्धा ऐकू येत नाही.

यंदा अकलूजला भाड्याच्या पिकअपनेच जा. पिकअपवाला आत्ताच ठरवा, अॅडव्हान्स देऊन, दिवाळीत कुणी मिळत नाही. जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियम आहेत, त्यात घोडे नेणाऱ्या मालवाहू गाडीला ताशी 35 किलोमीटरची मर्यादा आहे आणि पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र लागतं, तर वेळ त्या हिशोबाने धरा, पहाटे निघा, आणि प्रमाणपत्र वसुबारसेच्या आधी काढून घ्या, नंतर दवाखान्यात डॉक्टर भेटतीलच असं नाही.